‘आसरा’ नावाचा रकाना

पाण्याला वास असतो आणि तो ऋतूप्रमाणे, प्रहराप्रमाणे पालटतो, हे मी नोकरीच्या चौथ्या वर्षी शिकले. त्याआधीची तीन वर्षे मी मुलींकडून ‘पाणी गंधहीन असते’ हे वाक्य घोकून घेत होते. माझे बहुतेक शिक्षण असे उशिरा झाले, आणि त्यातले बरेचसे माझ्या विद्यार्थिनींनी केले.

निजाम रियासतीच्या अखेरच्या वर्षांत मी नांदेडच्या एका मुलींच्या हायस्कुलात उस्तानी होते. मुसलमान मुली ‘उस्तानीअम्मा’ म्हणत, मराठी मुली ‘बाई’. शिकवणे उर्दूत, समजावणे मराठीत आणि रागावणे दोन्ही भाषांत, अशी आमची रीत होती. गुरुवारच्या शेवटच्या दोन तासांपुढे वेळापत्रकात ‘मुताला-ए-कुदरत’ असे भारदस्त नाव लिहिलेले असे. अर्थ एवढाच, की निसर्गाचे अवलोकन. आज ज्याला परिसरशास्त्र किंवा पर्यावरणशास्त्र म्हणतात, त्याचे ते फार लांबचे, ओळख विसरलेले नातलग म्हणावे. परीक्षेत त्याला मान नव्हता, म्हणून ते सर्वांत धाकट्या उस्तानीच्या, म्हणजे माझ्या पदरात पडले.

आमच्या पुस्तकात चिनार, सनोबर अशी थंड मुलखातली झाडे होती, बर्फातून चालणारे हरीण होते. एकदा तपासणीला आलेल्या बाईंनी एका मुलीला उभे केले आणि विचारले, “सनोबर कहाँ होता है?” ती क्षणभरही अडखळली नाही. म्हणाली, “सफा बयालीस पो, अम्मा.” बेचाळिसाव्या पानावर! तपासणीबाई डोळ्यांना रुमाल लावून हसल्या. मीही हसले, पण घरी जाताना रस्त्याकडेच्या बाभळीखाली फुलांचा पिवळा सडा पडलेला दिसला, त्याला दुपारच्या उन्हाचा मधासारखा वास होता, आणि हे झाड माझ्या एकाही विद्यार्थिनीच्या वहीत नव्हते. पुढच्या गुरुवारी मी वर्ग बाहेर काढला.

मुलींना बाहेर न्यायचे म्हणजे पडदा लावलेल्या दोन बैलगाड्या, आणि सोबतीला हलीमाबी. ती शाळेची ‘मामा’ होती. आमच्याकडे मामा म्हणजे आया. पुण्याहून आलेल्या माझ्या एका पाहुणीने “तुमची मामा कुठे गेली?” हे वाक्य ऐकले आणि दिवसभर ती ते पुन्हा पुन्हा म्हणून हसत होती.

आमचे काम बाहेरच्या माणसाला सांगायला अगदी सोपे आहे. मुलींना एका जागी बसवायचे आणि बराच वेळ काही लिहू द्यायचे नाही. आधी वास, मग आवाज, आणि सर्वांत शेवटी डोळा; कारण डोळा उतावळा असतो, त्याला वाटते आपल्याला सगळे दिसले. माझ्या वडिलांनी लहानपणी मला आर्या आणि ओव्या पाठ करायला लावल्या होत्या, लघु-गुरू बोटांवर मोजायला शिकवले होते. ती बोटे इथे कामी आली. बेडकाच्या हाकेतले ऱ्हस्व-दीर्घ मुली मोजू लागल्या. मग वही उघडायची. वहीत तीन रकाने: जीव, त्याचे खाणे आणि त्याची राहण्याची जागा. आणि एक नियम, जो मी पुढे सगळी नोकरीभर पाळायला लावला. जे पाहिले ते रकान्यात लिहायचे. जे वाटले ते समासात. दोहोंची सरमिसळ करायची नाही आणि दोहोंतले काहीही खोडायचे नाही.

राहण्याच्या जागेला उर्दू पुस्तकात ‘मस्कन’ हा शब्द होता. मराठी मुलींसाठी मी त्याचे भाषांतर केले ‘आसरा’. खाणे आणि आसरा. कानाला शब्द गोड लागला, वजनात बसला, आणि मी तो फळ्यावर लिहिला. माझ्या कवितेच्या कानाने केलेली ती चूक होती. औशाला, माझ्या माहेरी, पाण्यात राहणाऱ्या सात देवींना, साती आसरांना, आम्ही नुसते ‘बाया’ म्हणत असू. त्यांचे खरे नाव घ्यायची रीतच नव्हती. नाव घेतले की त्या आल्या असे समजत. त्यामुळे ते नाव माझ्या ध्यानातून पार उतरले होते. आणि मी तेच नाव तीस मुलींच्या वह्यांत, प्रत्येक पानाच्या माथ्यावर, सुवाच्य अक्षरात लिहवून घेतले.

आता त्या बारवेकडे येते.

शहराबाहेर मळ्यांच्या पलीकडे एक जुनी बारव होती. तिन्ही बाजूंनी दगडी पायऱ्या पाण्यात उतरत आणि चौथ्या भिंतीतल्या कोनाड्यात शेंदूर लावलेले सात दगड ओळीने मांडलेले असत. पुढे हिरव्या बांगड्या, वाळून काळी पडलेली लिंबे. तिचे पाणी कोणी भरत नसे, गुरे पाजत नसे, तिच्याकडे पाठ करून कोणी उभेही राहत नसे. मला एवढेच दिसले, की जागा निवांत आहे.

हलीमाबी गाडीतून उतरेना. “उस्तानीअम्मा, ये बावडी में नक्को उतरो. दोपहर को पानी रंग बदलता कते.”

“कौनसा रंग?”

“लाल. फिर हरा. मेरे कू क्या पूछते, इन पोट्टियों कू पूछो.”

पोट्ट्या, म्हणजे मुली, एकमेकींकडे पाहू लागल्या. शेवटी बोलली ती अंबू. आठवीतली, तहसिलातल्या पेशकारांची थोरली लेक. हडकुळी, हनुवटीला सदा शाईचा ठिपका. “बाई, तुम्ही औशाच्या. तुम्हाला न्हाई ठाऊक. इथं बघायचं अस्तंय, बोलायचं नस्तंय.”

“मग बोलू नको,” मी म्हणाले. “बघ आणि लिही.”

ती लिहू लागली, आणि तिच्यासारखी पाहणारी मुलगी मला पुन्हा मिळाली नाही. त्या टाकलेल्या पाण्यात किती जीव होते! पाण्यावर ओणवलेल्या बाभळीला सुगरणींची घरटी लोंबत. तळाशी एक म्हातारे कासव होते, पायऱ्यांच्या फटींत पाणदिवडी, कोनाड्यावर खंड्या बसलेला, आणि चतुरांचे थवे असे, की त्यांच्या पंखांची थरथर गालाला जाणवावी. डासांच्या अळ्या मासे खात, माशांना खंड्या खाई, बेडकांना पाणदिवड. एकाचे ‘खाणे’ दुसऱ्याच्या नावाशी जोडत जोडत अंबूने पानभर रेघा ओढल्या आणि ते पान माझ्यापुढे धरून म्हणाली, “बाई, हे कोळ्याचं जाळंच झालं की! यातली एक रेघ पुसली तर?”

त्या काळात मला इतका मोठा प्रश्न कोणी विचारला नव्हता. मी म्हणाले, “पुसून बघायची नाही.”

पण त्याच वहीच्या समासात दुसरेच काही साठत होते. आम्ही पाचव्या पायरीवर पाऊल ठेवताच बेडूक गप्प होत. यात नवल नाही. मात्र एखाद्या टळटळीत दुपारी, आम्ही सगळ्या वर बसलेल्या असताना, ते मध्येच एकदम थांबत, एखाद्याने तोंडावर हात ठेवावा तसे. समासात अंबूने लिहिले होते: ‘आत्ता कोण उतरलं?’

तसेच बुडबुड्यांचे. तळाची पाने कुजली की वायू वर येतो, हे मी शिकवले होते. अंबूच्या रकान्यात दर वेळी एकच आकडा असे: सात, सात, सात. तिने बसल्या जागी आकडे भरले असे वाटून मी तिला चांगलीच रागावले. ती रडली नाही. म्हणाली, “तुम्ही मोजा मग.” मी पायरीवर बसले आणि मोजले. सहा आले. मी तिच्याकडे विजयी मुद्रेने वळले. “थांबा,” ती हलकेच म्हणाली, “शेवटची लई सावकाश येती.” पाणी काचेसारखे स्थिर झाले, आणि मग अगदी मध्यभागी, घाई नसल्यासारखा, सातवा बुडबुडा आला आणि फुटला. ती ‘शेवटची’ म्हणाली होती, ‘शेवटचा’ नव्हे, हे घरी आल्यावर माझ्या लक्षात आले.

चैत्र लागला आणि अंबू शाळेत यायची थांबली. दुसऱ्या आठवड्यात मी तिच्या घरी गेले. ती घोंगडी पांघरून पडली होती. उशाशी लिंबू आणि एक हिरवी बांगडी. तापात पुटपुटत होती, “लाल झालं… आता हिरवं व्हईल.” तिची आई दाराशी बसली होती, मला पाहून तिने पदर पुढे ओढला आणि म्हणाली, “बाई, तुम्ही कशाला नेलंत तिला तिथं? लेकरू हाय माजं.”

अंबूचे वडील रंगनाथराव अदबीचे गृहस्थ. त्यांनी मला पाट दिला आणि अंबूची वही माझ्यापुढे ठेवली.

“ताप डासांमुळे आहे,” मी घाईने म्हणाले. “दवाखान्यातून कुनैन…”

“कुनैन चालू आहे, बाई. आम्ही काही अडाणी नाही. कुनैन तापाला. हे दुसऱ्या गोष्टीला.” त्यांनी पान उलटले. “तुम्ही इथं आसरा लिहवून घेतलंय.”

“ते आसरा नव्हे, रंगनाथराव. आसरा.”

“म्हणजे कोणतं?”

“आसरा. म्हणजे राहण्याची जागा.”

“त्यांची राहण्याचीच जागा आहे ती.”

एकच शब्द दोन अर्थांनी उच्चारून दाखवता येत नाही, हे मी इतक्या कविता पाठ करूनही त्या दिवशी प्रथम जाणले. रंगनाथरावांनी शेवटच्या पानावर बोट ठेवले. मी मुलींना सांगितले होते, की माणूसही एक जीव आहे, त्यालाही रकान्यात बसवा. अंबूने लिहिले होते: जीव, अंबू. खाणे, भाकरी. आसरा, बारव.

“आमची लेक म्हणते, ती त्यांची आहे,” ते म्हणाले. त्यांनी वही मिटून बाजूला ठेवली. “तुमची तालीम आम्हाला मंजूर होती, बाई. पण आता ती शाळेत येणार नाही. बारवेत काही आहे म्हणून मानावं, तर तिला तिकडे धाडता येत नाही. काही नाही म्हणून मानावं, तर ही अशी का बोलते?”

“काही नाही,” मी म्हणाले.

“मग अवसेच्या दुपारी उतरून दाखवा. आमच्या डोळ्यांदेखत. वर आलात, तर अंबू शाळेत येईल.”

‘वर आलात तर’ हे शब्द त्यांनी इतक्या सभ्यपणे उच्चारले, की मी ‘बरे’ म्हणून उठले.

अमावास्येला बारवेच्या काठावर रंगनाथराव, त्यांचे दोन भाऊ आणि शेजारच्या मळ्याचा मालक उभे होते. हलीमाबी गाडीत बसून ओठांतल्या ओठांत दुआ म्हणत होती. उन्हाला तापल्या दगडाचा करपट वास होता. मी हातात काचेचा प्याला घेतला आणि उतरू लागले. पाचव्या पायरीवर बेडूक गप्प झाले. पाणी लाल होते. कुंकू धुतल्यासारखी दाट, मखमली साय सगळ्या पाण्यावर पसरली होती. मी गुडघाभर पाण्यात गेले, प्याला बुडवला, कोपरापर्यंत हात धुतले, तोंडावर पाणी मारले. पाणी वरून ऊन आणि खाली अतिशय गार होते.

त्याच वेळी, पाण्याखालच्या पायरीवर, माझ्या डाव्या घोट्याभोवती काहीतरी अलगद वळले. पैंजण घालताना आईची बोटे फिरत, तसे. एक वेढा पुरा झाला, क्षणभर तसाच राहिला, आणि सुटला.

मी वर आले. पायऱ्या सावकाश चढले. प्याला मी काठावर, माझ्या पदराच्या सावलीत ठेवला. “बघत राहा,” म्हणाले. एक पान चघळून होईपर्यंत प्याल्यातला लाल रंग विरत विरत हिरवा झाला. “हे सूक्ष्म जीव आहेत. उन्हात लाल, सावलीत हिरवे. यांच्यात देवी नाही, कोप नाही.” त्या जीवांचे शास्त्रीय नाव मला कितीतरी वर्षांनी कळले, ते तेव्हा ठाऊक असते तरी तिथे कोणाला हवे होते?

रंगनाथरावांनी प्याला उन्हात धरला, सावलीत धरला. मग विचारले, “आणि खाली? खाली काही आहे?”

“काही नाही,” मी म्हणाले. “या बारवेत काहीही नाही.”

त्या एका वाक्यात मी दोनदा खोटे बोलले. पहिले खोटे माझ्या घोट्याचे. ते समासातले होते, आणि एका मुलीच्या शाळेसाठी मी ते गिळले. त्याची मला फारशी खंत नाही. दुसरे खोटे मोठे होते. या बारवेत काहीही नाही! कासव होते, खंड्या होता, पाणदिवडी होत्या, सुगरणींची घरटी होती. अंबूची वही भरून जीव होते. ते सारे रकान्यातले होते, आणि मी एका श्वासात खोडले.

ताप उतरल्यावर अंबू शाळेत आली. केस विरळ झाले होते, पण हनुवटीवर शाईचा ठिपका होता. रंगनाथरावांनी शब्द पाळला. तिच्या लग्नाची बोलणीही मॅट्रिकपर्यंत लांबवली.

माझे वाक्य मात्र गावभर हिंडत राहिले. ‘उस्तानीबाई उतरल्या. काही नाही म्हणाल्या.’ पुढच्या उन्हाळ्यात मळ्याच्या मालकाने बारवेवर तेलाचे इंजिन बसवले. त्याने भीत भीत एकदा मला विचारायलाही माणूस पाठवला होता. मी कौतुकाने होकार दिला. एक अंधश्रद्धा गेली म्हणून मला अभिमान वाटला होता, हे आज लिहिताना हात जड होतो. पाणी उपसले गेले, गाळ निघाला, गाळाबरोबर ते सात दगड कोणाच्या तरी शेतात गेले. बाभूळ इंजिनाच्या आड येत होती, ती तोडली. मासे मेले, खंड्या उठून गेला, तळाशी उरलेल्या डबक्यात अळ्यांना खाणारे कोणी राहिले नाही. पावसाळ्यानंतर त्या मळ्यांच्या वस्तीत घरोघर ताप होता.

मी अंबूला घेऊन एकदा गेले. इंजिनाची धडधड, रॉकेलचा उग्र वास, उघड्या पडलेल्या पायऱ्यांवर वाळलेले शेवाळ. ती बराच वेळ वाकून पाहत राहिली आणि म्हणाली, “बाई, आसरा गेल्या.”

“कोणत्या?” मी विचारले.

“दोन्ही.”

लोकांच्या भीतीने एक जागा राखली होती, आणि त्या जागेने इतक्यांना राखले होते. मला वाटत होते मी फक्त भीती पुसते आहे. पण तीही त्या जाळ्यातलीच एक रेघ होती.

पुढे रियासत गेली, शाळांची भाषा बदलली, मी लातूरला आले आणि तिथूनच निवृत्त झाले. तीन रकाने आणि एक समास मी शेवटच्या दिवसापर्यंत शिकवले. फक्त तिसऱ्या रकान्याचे नाव बदलून ‘घर’ केले. त्या शब्दाला कोणी घाबरत नाही. पण त्याचा कोणाला धाकही वाटत नाही.

गेल्या वर्षी अंबूचे पत्र आले. ती आता नांदेडला मुख्याध्यापिका आहे, केस पांढरे, आवाजात जरब. ‘बाई, एकदा या. एक पाहायचं आहे.’ मी गेले. ती मला रिक्षाने त्याच वाटेने घेऊन गेली. मळ्यांच्या जागी घरे झाली होती, पण बारव होती. खोल उपशाने पाणी आटले, तेव्हाच इंजिन उचलले गेले होते. मग अंबूने आपल्या मुलींना घेऊन दरवर्षी थोडा कचरा, थोडा गाळ काढला. पाणी पुन्हा धरले होते. काठावर कोवळी बाभूळ होती. उतरताना ओला, हिरवट, जुना वास आला आणि माझे डोळे भरले. पाचव्या पायरीवर बेडूक गप्प झाले.

कोनाड्यात शेंदूर लावलेले दगड होते. पुढे हिरव्या बांगड्या, ताजे लिंबू. सवयीने मी मोजले आणि वर आले.

“अंबू, हे कोणी मांडले?”

“मी.”

“तू? माझी विद्यार्थिनी? पोरींना भीती घालतेस?”

“पोरींना न्हाई, बाई,” ती हसली. “पोरींना सगळं सांगितलंय. भीती पाणी उपसायला येणाऱ्या टँकरवाल्यांना. तुम्ही काही नाही म्हणालात आणि बारव गेली. मी आसरा लिहिलं, तुमच्याच रकान्यात.”

 विषय बदलायचा म्हणून मी म्हणाले, “पण दगड अगदी पहिल्यासारखे निवडलेस.”

“गोदावरीच्या पात्रातून आणले. सहा मिळाले मनासारखे,” अंबू म्हणाली. “सातवा अजून सापडायचाय. जागा सोडून ठेवलीय मधली.”

मी तिच्याकडे पाहिले. ती मुलींच्या वह्या गोळा करण्यात गुंतली होती. मी पुन्हा खाली उतरले नाही. त्या रात्री लातूरच्या गाडीत बसण्याआधी, फलाटावरच्या बाकावर, मी माझी जुनी वही काढली आणि जे मोजले ते रकान्यात लिहिले: दगड, सात.

समास अजून कोरा आहे.